मान धरण्याचं काम

पहाटे ५.१०
रातपाळीचे माग चालूच आहेत. इचलकरंजीत ही खटखट भिंतीतून येते, फरशीतून येते, पत्र्यातून येते. सोन्याची आई दिवा न लावता उठते. आधी बाळाच्या नाकाशी हात नेते, मग गॅसकडे वळते. नवजात शिशू कक्षात चार आठवडे काढले तेव्हा लागलेली सवय.

आज मंगळवार, कोल्हापूरला थेरपीचा वार. दिवसभर मी तिच्याबरोबर आहे. पिशवी रात्रीच भरलेली असते, तरी ती एकदा उपसून बघते. दोरीची प्लॅस्टिकची फाईल: डिस्चार्ज कार्ड, टाळूवरून केलेल्या डोक्याच्या सोनोग्राफीचा कागद, डोळ्यांच्या पडद्याचा, कानांचा, माता-बाल संरक्षण कार्ड. दोन टॉवेल, लंगोट, एक दुपटं. नाचणीच्या सत्त्वाचा डबा, उथळ स्टीलचा चमचा. आणि दोन रिकाम्या कांड्या, एक लाल, एक पिवळी.

मागाच्या धोट्यात बसतात त्या या कांड्या. त्यांवर आडवं सूत गुंडाळलेलं असतं. सोन्या व्हायच्या आधी ती कांडी मशीनवर होती. आठवड्याला दोन हजारांच्या आसपास सुटायचे. आठवा लागेपर्यंत ती कामावर जात होती. आता कांड्या सोन्याची खेळणी आहेत. बारीक आहेत, हलक्या आहेत, मुठीत मावतात.

पहाटे ५.४०
आंघोळ सासूबाईंकडे. त्यांना ती आत्ती म्हणते. न्हाणीत पाटावर आत्ती बसतात, पाय लांब करतात, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतात. सोन्याला नडग्यांवर पालथा घालतात. खोबरेल तेल कोमट केलेलं आहे.

सोन्याचे पाय ताठ असतात. एकावर एक चढतात, कात्रीसारखे. पूर्वी आत्ती ते जोर लावून सरळ करायच्या. मग थेरपीच्या मॅडमनी मोबाईलवर आंघोळीचा व्हिडिओ मागवला. पाय ओढू नका म्हणाल्या. नाकाकानात तेल नको. मांडीच्या मुळापासून हळू हलवा, आपोआप सैल पडतील. पण पायांवर पालथं घालता ते सोडू नका, उलट थोडा वेळ जास्त ठेवा.

“आमी ह्येच करत आलोय की,” आत्ती तेव्हा म्हणाल्या होत्या. खरंच होतं ते. पालथं पडलेलं बाळ तोंडावर पाणी नको म्हणून मान वर करतं. मानेला तोच व्यायाम. आत्तींसारख्या बायकांच्या पायांवरून महाराष्ट्रातल्या किती पोरांनी मान धरली असेल.

आत्ती आता पाणी पाठीवरच घालतात, सावकाश. सोन्याची मान उचलते, डुगडुगते, पडते. आत्ती कपाळाखाली हात ठेवून थांबतात. पुन्हा उचलते. “हां, आला बघ वाघ,” त्या म्हणतात. मी घड्याळ बघत होतो. पाच सेकंद, मग सात.

सकाळी ६.००
झटक्यांचं औषध. बारा तासांनी एकदा, चुकवायचं नाही. सिरिंजवर तिने नखाच्या पॉलिशची रेघ मारली आहे, म्हणजे अंधारातही माप चुकणार नाही. वजन वाढलं, डॉक्टरांनी माप बदललं, की जुनी रेघ खरवडायची आणि नवी मारायची. बाटली सरकारी दवाखान्यातून मिळते. कधी संपलेली असली तर बाहेरून घ्यावी लागते, चारशेच्या आसपास. ते चारशे पत्र्याच्या डब्यात वेगळे ठेवलेले असतात. त्यांना घरात कोणी हात लावत नाही.

सकाळी ६.१५
आता खरं काम. भरवणं.

ती भिंतीला टेकून बसते. सोन्याला मांडीवर बसवते, कंबर आणि गुडघे काटकोनात. मान मागे जाऊ द्यायची नाही. मागे गेली की घास श्वासनलिकेकडे जातो. डाव्या हाताने ती मागून त्याचा जबडा धरते. अंगठा जबड्याच्या सांध्याजवळ, तर्जनी खालच्या ओठाखाली, मधलं बोट हनुवटीच्या खाली. तीन बोटांचा हा आधार शिकायला तिला महिना लागला. उजव्या हातात चमचा. चमचा समोरून आणायचा, जिभेच्या मधोमध हलकाच दाबायचा आणि थांबायचं. वरच्या ओठाने घास ओढून घ्यायची पाळी त्याची. चमचा वरच्या हिरडीला पुसून रिकामा करायचा नाही.

पहिले चार घास बाहेर येतात. जीभ त्यांना ढकलते. ती पुसत नाही, गोळा करून परत देते. पाचवा आत राहतो. गिळला का ते बघायला ती गळ्याकडे बघते. गिळला.

सत्त्व पातळ करून चालत नाही, पातळ घशाखाली पटकन घसरतं आणि ठसका लागतो. चमचा तिरपा केला तरी पडणार नाही इतकं घट्ट. एक वाटी संपायला पाऊण तास. दिवसातून चार वेळा. म्हणजे तीन तास फक्त भरवण्यात. हे तास कुठल्याच पगाराच्या पाकिटात दिसत नाहीत, पण दहा महिन्यांच्या बाळाचं वजन सात किलोवर आलंय ते या तासांमुळे.

सकाळी ७.०५
“येतो आत्ती.”

नवऱ्याची रातपाळी आठला सुटते. मंगळवारी सकाळी दोघांची भेट नसते.

ती सोन्याला कडेवर घेते. पाय कमरेच्या दोन बाजूंना, तोंड समोर. आडवं घेऊन छातीशी धरायचं आता बंद आहे. कडेवर घेतलं की मांड्या फाकतात, चढणारे पाय वेगळे राहतात, आणि जग उभं दिसतं. मॅडमनी पहिल्या दिवशी हेच बदलायला सांगितलं. त्याला पैसा लागत नाही, खांदा मात्र दुखतो.

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तिचे तीस रुपयांच्या आत जातात. सोन्या फुकट. नवरा बरोबर आला तर त्याचं पूर्ण तिकीट आणि एक पाळी बुडते. म्हणून एकटीच.

खिडकीकडची जागा मिळाली. कबनूर मागे पडतं. ती सांगते, मी ऐकतो.

बत्तिसाव्या आठवड्यात कळा आल्या. वजन चौदाशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलं, तिथेच झटके आले. घरी आल्यावर आशाताई ठरलेल्या भेटींना यायच्या. तिसऱ्या महिन्याच्या भेटीत त्यांनी बाळाला पालथं घातलं आणि गप्प झाल्या. मुठी घट्ट होत्या. मान जागची हलली नाही. एका खासगी दवाखान्यात दाखवलं. तिथे सांगितलं, कमी दिवसांचं बाळ आहे, वर्षभर थांबून बघू. घरचेही तेच म्हणाले. बाप उशिरा चालला होता, मामा उशिरा बोलला होता.

आशाताई थांबल्या नाहीत. अंगणवाडीत तपासणीचं पथक येणार होतं, तिथे घेऊन गेल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं ते पथक. त्यांनी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली. पाचव्या महिन्यात थेरपी सुरू झाली.

थांबण्यात न घालवलेल्या त्या महिन्यांचं मोल मला तिच्या शेजारी बसून कळलं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतल्या जोडण्या सर्वांत वेगाने होतात. दुखावलेल्या भागाचं थोडं काम दुसरा भाग उचलू शकतो, पण त्यासाठी त्याला ते काम पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. वर्षभर थांबलं असतं तर या पाऊणपाऊण तासांतला एकही झाला नसता. पाय ताठ ते ताठच वाढले असते.

शिरोलीचा फाटा. पंचगंगेचा पूल. तावडे हॉटेलला अर्धी गाडी रिकामी होते.

सकाळी ८.३५
शेअर रिक्षा, वीस रुपये. केंद्राच्या दारात बाक भरलेला आहे. नंबर सातवा.

शेजारी गडहिंग्लजकडून आलेली आजी. नात डाऊन सिंड्रोमची, आठ महिन्यांची, अंगाने लोण्यासारखी सैल. सोन्या ताठ. आजी म्हणते, “तुझं ताठ, आमचं ढिलं. दोघांचं मिळून वाटून घेतलं असतं तर?” बाकावरच्या बायका हसतात. इथे असं हसता येतं. गल्लीत येत नाही. गल्लीत कोणी दृष्ट काढायला सांगतं, कोणी काहीच बोलत नाही आणि आपलं पोर उचलून घेतं.

बाकावरच माहितीची देवाणघेवाण होते. निरामय विम्याचा फॉर्म कोण भरून देतं. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचार मिळतात, थेरपीसुद्धा, पण अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. सोन्याच्या कागदावर अजून आजाराचं नाव नाही. “विकासात मागे” एवढंच लिहिलंय. सेरेब्रल पाल्सी हा शब्द डॉक्टरांनी एकदा तोंडी उच्चारला, लिहिला नाही. अजून बघू म्हणाले. पण इथल्या बघण्यात आणि त्या खासगी दवाखान्यातल्या बघण्यात फरक आहे. इथे बघता बघता काम चालू असतं.

सकाळी ९.५०
मोठी खोली. निळ्या गाद्या, भिंतीला लावलेला आरसा, मोठे चेंडू, लोड, उतरत्या फळ्या. मॅडम चपला काढून गादीवर बसलेल्या.

“काय म्हणतोय आमचा सोन्या? बाळाच्या आई, वही दाखवा.”

वही दोनशे पानी. पट्टीने रकाने आखलेले. वेळ, काय केलं, किती वेळ, रडला का. ती दहावी झाली आहे, अक्षर स्वच्छ आहे. मॅडम बोट फिरवत वाचतात. शनिवार कोरा आहे.

“शनिवारी ताप होता.”
“मग बरोबर. तापात नाहीच करायचं.”

आधी मूठ. अंगठा आत दाबून मिटलेली. अंगठ्याचं टोक धरून ओढायचं नाही, ओढलं की मूठ आणखी आवळते. मनगट थोडं खाली वाकवायचं, अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्यायचा, बोटं मग स्वतःच उलगडतात. मॅडम करतात, मग आईला करायला लावतात. मॅडमचे हात बाळावर थोडा वेळ असतात, आईचेच जास्त. मी आधी समजत होतो की थेरपी म्हणजे मॅडम करतात ते. इथे बघितलं तर मॅडम आईला शिकवतात आणि बाळ मध्ये असतं.

मग लोड. सोन्याला त्यावर आडवा पालथा टाकला. छाती लोडावर, हात पुढे, कोपरं खांद्यांच्या रेषेत. मॅडमचा एक तळवा त्याच्या कुल्ल्यांवर, वजन खाली दाबत. कंबर खाली दबली की डोकं वर यायला मदत होते. समोर आरसा. आईने लाल कांडी आरशाजवळ धरली, डोळ्यांच्या थोडी वर.

सोन्या रडतो. नाक गादीला लागतं. मॅडम थांबतात, पाठीवरून हात फिरवतात. आई कांडी आरशावर टकटक वाजवते. रडणं तुटतं. एक भुवई वर जाते. मग मान. कपाळावर आठी, कान लाल, सगळं अंग थरथरतंय. आरशात दोन डोळे दिसतात. चार सेकंद. सात. नऊ. अकरा. मान उजवीकडे कलते, तो ती परत मध्ये आणतो. स्वतः.

“परत आणली! बघितलंत? पडली नाही, आणली.”

आईने बघितलं. ती काही बोलली नाही, पुढच्या वेळेसाठी कांडी दोन बोटं डावीकडे सरकवली. सोन्या डावीकडे कमी बघतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

चाळीस मिनिटं. शेवटी कुशीवर झोपवून दोन्ही हात छातीसमोर आणणं. हात तोंडाशी गेला. त्याने बोट चोखलं. यालाही रकाना आहे.

थेरपीला पैसे नाहीत. इचलकरंजीत खासगीत एका वेळेचे चारशे सांगितले होते.

सकाळी ११.२०
आज तिमाही मोजणीही आहे. लहान खोली, टेबल, एक लाकडी पेटी. त्यात लाल कडी दोरीला बांधलेली, घंटी, ठोकळे, कप. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवरून बसवलेली ही मोजपट्टी. अडीच वर्षांपर्यंत चालते. हालचालीची ६७ कामं, समजुतीची १६३.

सोन्या जन्माने दहा महिन्यांचा, पण आठ आठवडे लवकर आला. ते वजा करून मोजतात, म्हणजे आठ. आठ महिन्यांचं बाळ बसतं. सोन्याची हालचाल साडेतीनच्या आसपास निघाली. समजूत त्याहून बरीच पुढे, साडेपाच. घंटीकडे वळला. कडीमागे डोळे फिरवले. आईने पदर तोंडावर घेतला तर पदराकडे बघत वाट पाहिली.

तिने दोन्ही आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. तीन महिन्यांपूर्वीचे त्याच पानावर होते: दोन, आणि साडेतीन. ती बेरीज-वजाबाकी करत बसली नाही. फाईल बांधली.

दुपारी १२.१५
झाडाखाली डबा. तिची भाकरी, सोन्याचं सत्त्व. पुन्हा पाऊण तास. चहा दहा रुपये, केळी वीस.

दुपारी २.३०
घर. नवरा आतल्या खोलीत झोपलाय. सहा माग सांभाळतो. मजुरी मीटरवर. आठवड्याला साडेचार हजारांच्या आसपास, मागाला नवा सुताचा बीम लागायला उशीर झाला की कमी.

बाहेरच्या खोलीत शर्टांचा गठ्ठा येऊन पडलाय. धागे कापायचं काम, नगाला रुपया. मंगळवारी पन्नास-साठच नग होतात, इतर दिवशी शंभरावर. ती गादीवर बसते, सोन्याला डाव्या मांडीवर पालथा घेते आणि कात्री उजव्या हातात. वहीत लिहिते: पालथं, मांडीवर, दहा मिनिटं. मग दहा मिनिटं कुशीवर. मग पुन्हा पालथं. शर्ट आणि सोन्या आळीपाळीने उलटतात.

छताला पूर्वी लुगड्याची झोळी होती. पाच महिने सोन्या तिच्यातच असायचा, कारण झोळीत तो रडायचा नाही. झोळीत अंग गोळा होऊन राहतं, मान आणि पाठ काहीच करत नाही. मॅडम म्हणाल्या, झोपेपुरतीच ठेवा. तिने आकडाच काढून टाकला. त्या आठवड्यात घरात कुणी झोपलं नाही.

दुपारी ४.४०
नवरा उठतो. चहा घेऊन थेट जमिनीवर बसतो. “आज किती?”

“अकरा.”

“मॅडमपुढं? हितं करू दे.”

घरचा लोड त्याने बनवलाय. कापड गुंडाळून येतं त्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्याचा दीड हाताचा तुकडा, त्यावर जुनी गोधडी घट्ट गुंडाळलेली, सुतळीने बांधून वर सुती कापड शिवलेलं. बाजारात असा लोड हजाराच्या घरात जातो. याला सुतळीचा खर्च आला. कोपऱ्यात बसायची खुर्चीही त्याचीच, टीव्हीच्या खोक्याची, मध्ये मांड्या वेगळ्या ठेवायला उशीचा उंचवटा.

सोन्या लोडावर. बाप पालथा पडून समोर तोंड आणतो. दोघांची हनुवटी एका पातळीवर. मागांच्या आवाजात वावरणारा हा माणूस घरातही मोठ्याने बोलतो. “ए सोन्या!” मान वर येते. सहा सेकंद. खाली. “ए!” आठ.

“लय वरडू नगा,” आत्ती आतून म्हणतात.

“त्येला ऐकू येतंय आई, कानाचा कागद चांगला हाय. म्हणून तर वरडतोय.”

संध्याकाळी ६.००
औषध. पॉलिशच्या रेघेपर्यंत.

संध्याकाळी ७.४०
नवरा डबा घेऊन निघतो. दारात सोन्याची मूठ उघडून, अंगठा मुळाशी धरून, आपलं बोट आत देतो. काढून घेताना घाई करत नाही. पाळीला उशीर झाला तर दिवाणजी बोलतो, तरी.

रात्री ८.२०
मागच्या गल्लीतली बाई येते, बरोबर सून. सुनेच्या कुशीत पाच महिन्यांचं बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं. डोक्याखाली तिचा हात सतत. सासू बोलते, सून खाली बघते. एक जण म्हणालं वरीसभर थांबा.

सोन्याची आई शर्ट बाजूला सारते. हात धुऊन येते. बाळाला घेते, दुपटं सोडते, मांडीवर पालथं घालते. वाट बघते. पाठीवरून दोन बोटं फिरवते. पुन्हा वाट बघते. सुनेने श्वास धरलेला आहे.

“मी काय डॉक्टर न्हाई. पण थांबू नगा.”

मग सुनेकडे वळून, एकेक सांगते. “आदी आशाताईला उद्या सकाळी भेट, चिठ्ठी घे. पोरगं झालं तवाचा डिस्चार्जचा कागद हाय न्हवं? त्यो वर ठेव फाईलीत. दोन टॉवेल घे, खायचं घरनं ने. आडवं न्हाई धरायचं, असं धर, कडंवर.” ती स्वतः उभी राहून दाखवते. सून करून बघते. बाळाचं डोकं पुढे झुकतं. “हात मागं दे. मानेला न्हवं, पाठीला. हां.”

“पैसं किती लागत्यात?” सासू विचारते.

“थेरपीला काय न्हाई. जाऊन-येऊन दीडशे धर. मंगळवारी सात पाचला घरनं निघायचं. सुट्टे घे, न्हाईतर कंडक्टर वरडतोय.”